बाहेरच्या काठावरच्या बाई

आमच्या घरमालकीण बाईंकडे आमटीभात खायला बसणं हे धाडसाचं काम होतं. भाताची मूद ताटात पडली की बाई ती डावाच्या टोकाने एका बाजूला जराशी दाबायच्या, मग वरून अगदी बारीक धारेने आमटी सोडायच्या आणि म्हणायच्या, "हात लावू नका. आधी बघा." आपण भुकेने कळवळत बघत बसायचं. आमटी मुदीवरून उतरायची, वाटेतली शितं उचलायची, खाली ताटात पसरायची, शितं तिथेच टाकायची आणि रिकाम्या हाताने कोशिंबिरीकडे निघून जायची.

"शितं कुठं टाकली?" बाई विचारायच्या.

"ताटात."

"ताटात कुठं?"

"जिथं आमटी पसरली तिथं."

"का?"

आता उपाशी माणसाला 'का' विचारलं तर तो काय सांगणार? पण "तिथं वेग कमी झाला म्हणून" हे उत्तर मिळाल्याशिवाय जेवायची परवानगी नसे. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी उत्तर दिलं आणि ती जेवून हात धुऊन मोकळी झाली. मला आमटी दुसऱ्यांदा वाढावी लागली.

बाई उल्हासनगरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला, तिकडे टॉवर उठायच्या कितीतरी आधी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी एका ओढ्याच्या काठी प्लॉट घेतला आणि बैठं घर बांधलं. यजमान पुढे गेले, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. घराच्या पुढच्या भागात बाई राहायच्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीच्या पुढे, एका कारखान्यात क्वालिटीला होतो. खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, मांसाहार करता का हेही विचारलं नाही. मागच्या दाराने थेट ओढ्यावर नेलं आणि म्हणाल्या, "या दोन काठांतला तुम्हाला कुठला आवडला?"

ओढा तिथे मोठं वळण घेत होता. समोरचा, वळणाच्या आतला काठ सपाट, वाळूचा, गुरांनी सहज पाण्यावर उतरावं असा. आमच्या बाजूचा काठ मात्र सरळ तुटलेला, उघड्या मातीचा, आणि काठावरच्या आंब्याची मुळं त्यातून बाहेर लोंबत होती. मी अर्थातच समोरचा म्हणालो.

"म्हणजे तुम्ही आतल्या काठाचे," बाई म्हणाल्या. "आणि घर घेताय बाहेरच्या काठावर. चालेल. संसाराला दोन्ही लागतात."

हा काय प्रकार आहे ते मला पुढे सविस्तर कळलं. कळलं म्हणजे काय, कळून घ्यावं लागलं. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला जाऊन आपटतं, तिथे त्याचा वेग जास्त, म्हणून ते तो काठ खातं. आतल्या बाजूला ते मंद होतं, म्हणून वरून आणलेली वाळू, गाळ, सगळं तिथे टाकून देतं. बाहेरचा काठ झिजतो, आतल्याला आयतं मिळतं, आणि असं करत करत अख्खा ओढा वर्षानुवर्षं बाजूला सरकत राहतो. इथवर भूगोल झाला. पण बाईंनी याच मापाने सगळी मनुष्यजात दोन काठांत वाटून टाकली होती. घरात राबणारी मोठी सून बाहेरचा काठ, कौतुक करून घेणारी धाकटी आतला. लग्नाच्या मांडवात त्या पाच मिनिटं बसल्या की वरपक्ष कुठला काठ आणि वधूपक्ष कुठला हे माझ्या बायकोच्या कानात सांगायच्या. माझ्याकडे बोट दाखवून तर त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा आतला काठ. बघा, काही न करता सगळं येऊन साचतं याच्याकडे." माझी बायको या मताला जोरात दुजोरा द्यायची. मीही आठवडाभर कारखान्यात झिजत होतो, पण रविवारी सकाळी अंथरुणात पडून राहणाऱ्या माणसाने वाद घालू नये एवढं मला कळत होतं.

बाईंचा अवतारही बघण्यासारखा होता. नेसलेली सुती साडी, पायांत यजमानांचे गमबूट, आणि हातात मिटलेली छत्री. ऊन असो, पाऊस असो, छत्री मिटलेलीच. ती उघडण्यासाठी नव्हतीच. तिच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या खुणा होत्या, आणि रोज सकाळी बाई ओढ्यात उतरून छत्री तळाला टेकवून पाणी आणि गाळ मोजायच्या. याला त्या ओढ्याची तब्येत बघणं म्हणत. दूधवालाही सायकल थांबवून विचारायचा, "काय म्हणतोय ओढा?" आणि बाई डॉक्टरीण असल्यासारख्या सांगायच्या, "बरा आहे. जरा खातोय जास्त."

पाण्याबद्दल कुणी वाईट बोललेलं त्यांना खपत नसे. "पाणी वाईट नसतं, घाईत असतं," असं त्या म्हणायच्या. माणसांवरही त्यांचा हाच उपचार. कुणी तणतणत, भांडण डोक्यात घेऊन घरी आला की बाई त्याला ओट्यावर बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी वेग कमी कर. ओझं आपोआप खाली बसेल." एकदा माझी बायको माझ्यावर चिडून, माहेरी निघाल्याच्या आविर्भावात पिशवी घेऊन बाहेर पडली. बाईंनी तिला ओट्यावर बसवलं, चहा केला, भुईमुगाच्या शेंगा सोलायला दिल्या. शेंगा संपेपर्यंत भांडणाचं कारण तिलाही आठवेना. मी आतून सगळं ऐकत होतो, आणि मला बाईंबद्दल जी कृतज्ञता वाटली ती आजही कायम आहे.

दगडांची गोष्ट तर मी कुठेही सांगतो. दर उन्हाळ्यात बाई ओढ्यातले दगड वेचून अंगणात वाळवायच्या आणि रंगवून पुन्हा ओढ्यात टाकायच्या. पावसाळा सरला की ते कुठवर गेले ते शोधायला निघायचं. एका वर्षी फाटकाला लावून उरलेला केशरी ऑइलपेंट होता, तो त्यांनी दगडांना फासला. दसऱ्याच्या सुमारास बाई पुढे आणि मी मागे असे आम्ही ओढ्याच्या कडेकडेने निघालो. ओढा उल्हास नदीला मिळतो त्याच्या थोडं अलीकडे, एका उंबराखाली, आमचा नारळाएवढा एक दगड सापडला. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती, पुढ्यात फोडलेला नारळ होता, आणि दोन बायका हात जोडून उभ्या होत्या.

"आपसूक आले देव," त्यांतली एक भक्तिभावाने म्हणाली. "पुरात वरून आले. शेंदूर लागलेलेच आले."

भूगोलाच्या बाबतीत बाई कुणाची भीडभाड ठेवत नसत. आता या काय बोलतात आणि आम्हाला इथून कसं पळावं लागतं याचा मी अंदाज घेऊ लागलो. पण बाई पुढे झाल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पुरात? आषाढातल्या की श्रावणातल्या?"

"श्रावणातल्या. सोमवार होता. मी सवता पायलं."

बाईंचा चेहरा उजळला. कुठला दगड कुठल्या पुराने आणला याची इतकी पक्की खबर त्यांना आजवर मिळाली नव्हती. त्यांनी गमबूट काढले, पदर खांद्यावरून घेतला आणि दगडाला मनापासून नमस्कार केला. परतताना मी म्हटलं, "बाई, तुम्ही नमस्कार केलात?"

"एवढा जड दगड एवढ्या लांब चालत आला. तुम्ही तर नाक्यापर्यंत रिक्षाने जाता," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी निळा रंग आणला.

आता आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहतो. इथे ना ओढा ना काठ. पण बाईंची आठवण निघाली की शेवटी गाडी येऊन थांबते ती 'मागचा बाक' या माणसापाशी.

हा बाईंचा जुना विद्यार्थी. उल्हासनगरचा सिंधी, वडिलांचं फर्निचरचं दुकान, स्वतः आता जमिनींच्या व्यवहारात. बाई विद्यार्थ्यांना नावाने ओळखत नसत, बाकाने ओळखत. समोरच्या काठाची जमीन त्याने विकत घेतली, आणि पलीकडे कोण राहतं ते कळल्यावर पापडांचं पुडकं घेऊन तो भेटायला आला. पांढरी पँट, पांढरे बूट. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, पहचाना?"

"मागचा बाक. खिडकीकडचा," बाई म्हणाल्या. "नववीत तुला विचारलं होतं, वळणावर नदी कुठला काठ खाते. तू म्हणालास, दोन्ही."

"हां मॅडम," तो खूश होऊन हसला. "आपने पूरा पिरियड खड़ा रखा था."

"मग? बरोबर उत्तर अजून कुठं दिलंयस?"

तो पुन्हा हसला आणि खुर्चीकडे सरकला. बाईंनी खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. मला वाटलं गंमत चाललीय. पण त्या दिवशी त्याने चहा उभ्याने घेतला, आणि नंतरही तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा उभाच राहिला. दूधवाल्यापासून भांडखोर शेजाऱ्यापर्यंत सगळ्या जगाला बसवणाऱ्या बाई, याला मात्र "बस" म्हणाल्या नाहीत. आणि गंमत अशी की एवढा मोठा माणूस, गळ्यात साखळी, खिशात दोन फोन, पण सांगितल्याशिवाय बसायची त्याची छाती झाली नाही. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

घाईघाईतच त्याने समोरच्या काठावर भराव टाकायला सुरुवात केली. लाल मुरमाचे ट्रकवर ट्रक आले. वाळूचा सपाट काठ गेला, तिथे मुरमाचा उंच ढीग ओढ्याच्या अंगावर चालून आला, आणि ओढ्याला जायला अर्धीच जागा उरली. बाई आपल्या काठावर उभ्या राहून बघत होत्या. "तो आपल्याकडे ढकलतोय पाण्याला," एवढंच म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात तसंच झालं. समोरून दाबलेलं पाणी येऊन आमच्या काठावर धडकायला लागलं. आधी ढेकळं पडत होती, मग खांडकं पडायला लागली. एका दुपारी मोठा आवाज झाला. धावत मागे गेलो तर आंबा नव्हता. तो आडवा होऊन, मुळांसकट, ओढ्यात पडला होता आणि पाणी त्याच्या पानांतून वाट काढत होतं. आमच्या मोरीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

बाई आल्या. काठापर्यंत जाऊन त्यांनी खाली वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "यांनी लावला होता. मुळं खोल होती हो त्याची." आणि आत गेल्या. त्यानंतर काही दिवस छत्री कोपऱ्यातच राहिली. ओढ्याची तब्येत बघायला कुणी गेलं नाही, आणि घरात फार वाईट वाटत राहिलं.

पाऊस ओसरल्यावर 'मागचा बाक' आला. त्याला वाईट वाटलेलं होतं, आणि त्याचा बाजारभावही तयार होता. आम्हाला मागे घेऊन गेला. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओढ्यात उतरला.

"मॅडम, बघा. मैं जिधर खड़ा हूँ ना, वो आपका प्लॉट था. अब नाला है." त्याने पाण्यात पाय आपटून दाखवला. "पुढच्या बारिशमधे मागच्या खोल्या जातील, उसके बाद पूरा घर. त्यापेक्षा मला देऊन टाका. बदलापुरात स्टेशनजवळ फ्लॅट देतो, लिफ्टवाला. मी तुमचा स्टुडंट आहे, फसवणार नाही."

तो फसवत नव्हता, हे मलाही दिसत होतं. बाईंची मुलगी फोनवर हेच सांगत होती. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, समोरच्या मुरमाच्या ढिगाकडे बघितलं, वळणाकडे बघितलं. आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ते जुनं, वर्गात शिरतानाचं तेज आलं.

"तू उभा आहेस तो माझाच प्लॉट आहे," त्या म्हणाल्या. "ओढा पाहुणा आलाय. पुढच्या पावसाळ्यात जाईल."

"मॅडम, नाला कधी परत देतो काय?"

"देतो. ओढा घेतो तेवढं देतोसुद्धा, फक्त कुठं द्यायचं ते त्याला सांगावं लागतं. पुढचा पावसाळा संपल्यावर ये. काठ आणखी मागे गेलेला असला तर घर तुझं, तू म्हणशील त्या भावाने. आणि पुढे आलेला असला तर तो सगळा भराव उचलायचा."

"डन मॅडम!" तो इतक्या चटकन म्हणाला की बाईंना 'थांबा' म्हणायलाही मला वेळ मिळाला नाही.

रात्री बायको म्हणाली, बाईंनी घर पणाला लावलं. मी म्हटलं, आपली मोरीसुद्धा.

"भिंत घाला," असं सगळी आळी सांगत होती. बाई ऐकत नव्हत्या. "पाणी भिंतीशी भांडत बसत नाही, तिच्या पायाखालची माती काढतं. मग भिंत स्वतःच पडते. पाण्याला अडवायचं नाही. दमवायचं." यासाठी त्यांनी बारवी धरणाच्या बाजूच्या ठाकूरवाडीतून चांगुणाला आणि तिच्या माणसांना बोलावलं. चांगुणा म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती विणण्यात त्या भागात नावाजलेली म्हातारी. बाईंना काठापासून ओढ्यात तिरक्या घुसणाऱ्या अशा कुडाच्या छोट्या छोट्या भिंती हव्या होत्या, एकीमागे एक, वळणाच्या सुरुवातीपासून घरापर्यंत. पाणी त्यांतून गाळून जाईल, जाता जाता दमेल, आणि दमलं की हातातलं टाकेल.

कूड ज्यांच्या आधाराने उभी राहते त्या मेढी कशाच्या ठोकायच्या ते चांगुणाने ठरवलं. "मेलेलं लाकूड कशाला? वली निरगुडी ठोका. फुटंल, मुळं धरंल." बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी तिला जागेवर मिठी मारली. पण विणायची वेळ आली आणि दोघींचं वाजलं.

"फटी ठेव," बाई म्हणाल्या.

"कुडाला फटी?" चांगुणाने हातातली काठी खाली ठेवली. "आरपार दिसंल तं ती कूड कसली बाय? चालन झाली."

"चाळणच हवीय मला."

"लोक हसतील मला. चांगुणाच्या हातची कूड, आन् तिच्यातून मासा जातोय!"

शेवटी तिने फटी ठेवल्या, पण तोंड वाकडं करून. जिला जन्मभर वारा आत येऊ न देणाऱ्या भिंती विणायची सवय, तिला मुद्दाम भोकं ठेवणं म्हणजे अब्रूवर घाला वाटत होता. आणि मग तिने एक केलं. सगळ्यात वरची भिंत, घरापासून लांब, बाईंना सहज दिसणार नाही अशी, तिने गच्च विणली. एवढंच नाही, तर शेणमातीने दोन्ही बाजूंनी लिंपून गुळगुळीत केली. निदान एक तरी काम नावाला साजेसं व्हावं! बाईंना ते कळलं तेव्हा ढग भरून आले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. तीही बघू काय म्हणते."

पहिल्या मोठ्या पाण्याने ते सांगितलं. फटीवाल्या भिंती थरथरत, फेसाळत, पण उभ्या होत्या. त्यांच्या टोकांपलीकडून ती गच्च लिंपलेली कूड अख्खीच्या अख्खी, मेढींसकट, तरंगत आमच्या घरासमोरून डौलात निघून गेली. चांगुणा मुद्दाम बघायला आली होती. ती क्षणभर बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून खो खो हसत सुटली. "गेली गं बाय! माझी सून नटूनथटून माहेरी गेली!" मग तीच गुडघाभर पाण्यात उतरली आणि बाकीच्या भिंतींमधल्या आणखी काही काठ्या स्वतःच्या हाताने ओढून काढल्या.

खरी परीक्षा श्रावणात झाली. पाऊस थांबायचं नाव घेईना. तिकडे उल्हास फुगली, आणि नदी भरली की आमच्या ओढ्याचं पाणी पुढे पुरेसं निघेना, वर चढायला लागलं. सकाळी कारखान्यात जायला निघालेला मी रस्त्यावरून परत आलो. पाणी कुडाच्या भिंतींच्या माथ्यावर गेलं, मग भिंती दिसेनाशा झाल्या. मी आणि बायकोने गॅस, गाद्या, टीव्ही बाईंच्या पुढच्या खोलीत आणून टाकले. "बाई, चला, निदान सोनिवलीच्या शाळेत जाऊन बसू," मी म्हटलं.

बाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पायांत गमबूट. "समोर बघा," त्या म्हणाल्या.

मी समोर बघितलं. आमच्या काठाशी पाणी होतं भरपूर, पण ते मंद होतं, गोल गोल फिरत होतं, त्यावर पालापाचोळा रेंगाळत होता. ओढ्याची खरी धार पलीकडे सरकली होती. आमच्या बाजूला कुडांमध्ये अडखळत बसण्यापेक्षा तिने समोरचा मोकळा, भुसभुशीत मुरूम पसंत केला होता. वरच्या अंगाला, जिथे भराव सुरू होत होता, तिथे ढिगाचे लचकेच्या लचके सुटत होते. पाणी लालभडक झालं होतं. ते लाल पाणी वळणावर यायचं, आमच्या कुडांमध्ये शिरायचं आणि थबकायचं.

"जेवायला बसलाय आता," बाई म्हणाल्या. "आपण पण बसू. त्याचं झालं की तो टाकेल."

आणि खरंच, अशा पुरात त्यांनी आमटीभात केला. त्या दिवशी मला प्रश्न विचारला नाही. मीच मूद दाबली, मीच आमटी सोडली आणि न विचारता म्हणालो, "वेग कमी झाला की टाकते." बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला एवढा आनंद बोर्डाच्या निकालाला झाला नव्हता.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. कुडांच्या माथ्याच्या काठ्या आधी वर आल्या, त्यांवर निरगुडीचे कोवळे फुटवे चिखल झटकत उभे होते. आणि कुडांच्या मध्ये पाणी नव्हतं. लाल, मऊ, ओला गाळ होता, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा सपाट. बाईंनी छत्री रोवली. ती बुडत गेली, नेलपॉलिशच्या सगळ्या खुणा गाळात गेल्या, फक्त मूठ वर राहिली. बाई मोठ्याने हसल्या. त्यांना इतक्या मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बायको रडायला लागली, मीही डोळे पुसले, आणि आळीतली माणसं गोळा होऊन बघायला लागली.

"मी आयुष्यभर एकेक दगड रंगवत बसले," बाई सगळ्यांना सांगत होत्या, "आणि त्या मुलाने मला ट्रकच्या ट्रक माती रंगवून दिली!"

पावसाळा संपेपर्यंत तो थर वाढतच गेला. बाईंनी त्यावर वालाच्या ओळी लावल्या. जिथे आंबा पडला होता त्याच्या जवळ, काठापासून बरंच आत, नवीन कलम लावलं. मोरीचा तडा मी सिमेंटने बुजवला, आणि तो पुन्हा उमटला नाही.

दिवाळी तोंडावर आली आणि 'मागचा बाक' आला. हातात पापडांचं पुडकं, तीच पांढरी पँट. अर्धा भराव वाहून गेल्याचं त्याला कळलेलं होतं, पण तो कुठे गेला ते माहीत नव्हतं. मागच्या दाराशी आला आणि थांबला. खाली वाकून त्याने मूठभर माती उचलली, बोटांनी चोळून बघितली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ये तो मेरा मुरूम है."

"होता," बाई म्हणाल्या. "पुढे हो."

तो बूट काढून गाळावर उतरला. बाईंनी छत्रीने इकडे, मग जरा उजवीकडे असं करत त्याला एका जागी नेऊन उभं केलं. मी ती जागा ओळखली. तिथेच गेल्या वर्षी तो गुडघाभर पाण्यात उभा होता. आळीतली माणसं कुंपणापाशी जमली होती. चांगुणा नेमकी वालाची रोपं बघायला आली होती, तीही कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वळणावर ओढा कुठला काठ खातो?" बाईंनी विचारलं.

"बाहेरचा, मॅडम."

"आणि आत्ता याने कुठला खाल्ला?"

त्याने समोर, आपल्या अर्ध्या उरलेल्या ढिगाकडे पाहिलं. "माझा. क्योंकि... इधर वेग कम हो गया. म्हणून तिकडे खाल्ला, इकडे टाकला."

"आता सांग, तू कुठं उभा आहेस?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या पायांची बोटं लाल गाळात रुतली होती. मग त्याने मान वर केली, आणि या मोठ्या माणसाच्या तोंडावर शाळेतल्या पोराचं हसू आलं.

"आपके प्लॉट पे, मॅडम."

"पूर्ण वाक्यात."

"मी मॅडमच्या प्लॉटवर उभा आहे. और कल सुबह जेसीबी आयेगा, बाकीचा भराव उचलायला."

कुंपणापाशी टाळ्या पडल्या. बाईंनी त्या थांबवल्या नाहीत. त्यांनी छत्री काखेत धरली आणि नववीपासून राहून गेलेला तो एक शब्द म्हणाल्या.

"बस."

त्याने आजूबाजूला बघितलं. खुर्ची नव्हती. पण सांगितलेलं होतं. पांढऱ्या पँटीतच, त्या ओल्या लाल गाळात, वालाच्या दोन ओळींच्या मध्ये तो मांडी घालून बसला, आणि बाईंनी पुढचा धडा सुरू केला.